एकदा विकत घेतलेला मोबाइल गेम घरातल्या सगळ्यांना खेळता येतो का?

येतो, पण पैसे कधी भरता त्यावर आहे. डाउनलोड करतानाच किंमत मोजली असेल, तर अँड्रॉइडवर तो गेम गूगल प्लेच्या फॅमिली लायब्ररीत, म्हणजे घरच्यांच्या सामायिक संग्रहात, टाकता येतो. तुम्ही धरून सहा जण, प्रत्येकाचं खातं वेगळं. (सगळेच गेम त्यात बसत नाहीत, आधी बघून घ्या.)

गेम फुकट आणि पैसे आत शिरल्यावर, असं असेल तर गूगलवर ती खरेदी इतरांना मिळत नाही. 'सुपर मारिओ रन' तसाच: सुरुवात फुकट, पुढचं आतून विकत. ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्येही सहाच जण. तिथे गेम बनवणाऱ्याने (डेव्हलपरने) मुभा दिली असेल तर कायमचं अनलॉक केलेलं सगळ्यांना चालतं. खेळताना खर्च होणारी नाणी-हिरे मात्र नाहीत.

दोन-तीन मुलांच्या घरात मी तरी आधीच किंमत लावलेला गेम घेईन, महाग वाटला तरी. आणि हो, अँड्रॉइडवर घेतलेला गेम आयफोनवर फुकट मिळेल ही आशा सोडा.