फांदीवर कोण बसतं

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चार पहाटा त्याच तळ्याकाठी घालवल्यास आणि ‘हाती काहीच लागलं नाही’ म्हणतेस. सोबतचे फोटो मी दोनदा पाहिले. पाण्यावर झुकलेली ती वाळकी फांदी पहिल्या तीन दिवसांच्या एकाही फ्रेममध्ये नाही. ती तिथे होतीच, तुला दिसायला चार दिवस लागले. हे काहीच नाही?

वाट पाहणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, अशी तुझी समजूत झालेली दिसते. तसं बसलं तर कुणीही कंटाळेल. गेल्या गेल्या ट्रायपॉड उघडू नकोस. कॅमेरा बॅगेतच राहू दे आणि आधी जागा पायाखाली घाल. उकिडवी बस, चार पावलं डावीकडे सरक, एक डोळा मिटून बघ. समोरचा दगड मागच्या झाडाला चिकटतोय का? अर्धं पाऊल हललीस की दोघांमध्ये पाण्याची बारीक फट दिसते आणि दगड सुटा होतो. ही फट अंधुक उजेडातच शोधून ठेवायची. ऊन आल्यावर शोधत बसलीस तर ऊन तुझ्यासाठी थांबत नाही.

संध्याकाळी किती वेळ उरला हे पाहायला हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये बोटं आडवी धरतात. ‘चार बोटं म्हणजे एक तास’ हा आडाखा तूही ऐकला असशील. त्यावर सगळीकडे विसंबू नकोस. बोटाची रुंदी साधारण दोन अंश भरते आणि सूर्य तासाला १५ अंश सरकतो. तो सरळ खाली उतरत असेल, तर चार बोटं अर्ध्या तासातच संपतात. विषुववृत्तापासून जितकं लांब जाशील तितका तो तिरपा उतरतो, तेव्हा जास्त वेळ मिळतो.

आणि सूर्य बुडाला म्हणून उठू नकोस. हे मी शिकलो ते फजितीतून. एकदा सूर्य टेकला, आकाश राखाडी पडलं, मी ट्रायपॉड मिटला, बॅगेची चेन ओढली आणि उताराला लागलो. दहाएक मिनिटांनी समोरचा कातळ गुलाबी दिसायला लागला. मागे वळलो तर ढगांची पोटं पेटलेली. सूर्य आपल्याला दिसेनासा झाला तरी उंचावरच्या ढगांवर त्याचा प्रकाश पडत असतो. तो हवेचा लांबलचक थर कापून येतो, वाटेत निळा रंग विखरून जातो, तांबडा उरतो. हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं, उपयोग काय! ट्रायपॉडचा एक पाय अडकला, लेन्सचं झाकण गवतात पडलं. डोळा लावला तेव्हा आकाशात राख. त्यानंतर तारे दिसेपर्यंत मी बॅग भरत नाही.

अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स या अमेरिकन निसर्ग-छायाचित्रकाराची एक गोष्ट सांगतो. १० एप्रिल १९२७ रोजी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात हाफ डोम नावाच्या डोंगराच्या कड्यासमोर तो पोहोचला, तेव्हा सोबत नेलेल्या १२ काचेच्या प्लेटांपैकी दोनच उरल्या होत्या. एक त्याने पिवळा फिल्टर लावून उडवली. मग लक्षात आलं, डोळ्यांपुढे जे काळं, भारलेलं आकाश आहे ते यात येणार नाही. गडद लाल फिल्टर लावून शेवटची प्लेट वापरली, आणि तोच फोटो जगाने लक्षात ठेवला. तुझ्या कार्डात हजारो फोटो मावतात. तरी महिनाभर एका पहाटेला १२ची मर्यादा घालून घे. त्रास होईल.

तंत्राचं थोडक्यात. एफ/२२ची हौस सोड (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान), इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि बारकावे मऊ पडतात; बहुतेक वेळा एफ/८ ते एफ/११ पुरतं. ट्रायपॉडवर शटर हाताने दाबू नकोस, दोन सेकंदांचा टायमर लाव. लेन्सवर दव जमतं, कोरडं फडकं खिशात ठेव. आदल्या रात्रीचा वाढवलेला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला दाद देण्याची पातळी, सकाळी खाली आण (यात मी अजूनही फसतो).

आणि ढग हटत नसले तर पायाशी बघ. कोळ्याच्या जाळ्यावर दव असेल, तर एखाद्या थेंबाला नाक लागेल इतकी जवळ जा. त्यात समोरचा काठ उलटा दिसेल, झाडं वर, आकाश खाली. एकदा तो पाहण्यात माझा सूर्योदय हुकला. हळहळ वाटली नाही.

आता चौथ्या दिवसाचा फोटो मोठा करून बघ. फांदीच्या टोकाशी पांढरे ओघळ आहेत. ती पक्ष्याची शीट आहे. कुणीतरी तिथे नेहमी येऊन बसतं, तू पोहोचण्याआधी किंवा तू निघाल्यावर. पाचव्या दिवशी अर्धा तास लवकर जा. आणि या वेळी जरा मागे, झुडपाच्या आडोशाला बस.

तुझा,
काका