अंगणातलं बेसबॉल : लेकाचा पहिला उन्हाळा

तुम्ही अमेरिकेत नवे, आणि शेजारची मुलं तुमच्या लेकाला बेसबॉल खेळायला बोलावतात, हे तुमच्या पत्रात वाचून फार बरं वाटलं. नक्की पाठवा. आम्ही न्यू जर्सीत आलो तेव्हा आमच्या मुलीला पहिली मैत्रीण अशाच खेळात मिळाली.

सुरुवातीला एवढंच बघा :

– आधी ग्लोव्ह (चेंडू झेलायचा मोठा हातमोजा) घ्या, बॅट नंतर. उजव्या हाताने फेकणाऱ्याला ग्लोव्ह डाव्या हातात लागतो. नवे पालक हमखास इथेच चुकतात. नवा ग्लोव्ह कडक असतो. रोज १५ मिनिटं तुम्हीच त्याच्याशी झेलाझेली करा. ग्लोव्ह मऊ होतो, चेंडूची भीतीही जाते.
– फटका मारला की बॅट खाली टाकून पळायचं. क्रिकेटच्या सवयीने मुलं बॅट घेऊनच धावतात. भिरकवायची मात्र नाही, मागे कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा खेळाडू, असतो.
– मागे गेलेला फटका इथे फाउल, म्हणजे त्यावर पळता येत नाही. लेट कट विसरायचा.

अंगणात ‘विफल बॉल’ (Wiffle Ball) पुरे. १९५३ साली कनेक्टिकटमध्ये निघालेला हा भोकांचा, हलका प्लॅस्टिकचा चेंडू. मुलं कमी पडली की बेसवर (धावत गाठायच्या खुणेवर) ‘घोस्ट रनर’ धरतात, म्हणजे मनातला धावपटू. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर बिचारा गोंधळेल.

लीग, कोचिंग इतक्यात नको. मुलं आउट की सेफ (नाबाद) यावरून भांडतील. मध्ये पडू नका. फ्रीजरमध्ये आइसपॉप तेवढे ठेवा, खेळ संपला की सगळी तुमच्याच दारात येतील.