कोळसा आधी शेणात मुरवा

प्रश्न : ताई, आमचं गाव किनवट तालुक्यात, जंगलाला लागून. सागाची विरळणी झाली की लाकूड डेपोत जातं, फांद्या तिथंच वाळत पडतात आणि उन्हाळ्यात वणव्याला सरपण होतात. माझ्या बांधावरच्या सागाचंही ढीगभर छाटण आहे. त्याचा बायोचार, म्हणजे हवा कमी देऊन जाळलेल्या लाकडाचा मातीत घालायचा कोळसा, करून शेतात घालावा का? कार्बन मातीत साठवून ठेवल्याबद्दल कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतात असंही एक जण सांगून गेला.

उत्तर : दादा, सुरुवात बांधावरच्या छाटणापासून करा. जंगलातली वाळकी फांदीसुद्धा वनखात्याची. परवानगीशिवाय उचलू नका. राखीव जंगलात विस्तव पेटवणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. परवानगी मिळालीच तर पाला आणि बारीक काड्या तिथंच राहू द्या, झाडांचं खत तेच. मनगटाएवढ्या जाडीपर्यंतच्या फांद्या शेतावर आणा.

खड्डा तोंडाला पाच फूट, खोल अडीच-तीन फूट आणि तळाशी निमुळता घ्या. फांदी कडकन मोडेल इतकी वाळलेली हवी. तळाशी थोडं रचून वरून पेटवा आणि निखाऱ्यावर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर टाका. वरच्या जाळामुळं खाली हवा पोचत नाही, म्हणून खालच्या लाकडाची राख न होता कोळसा होतो. निघणारा वायूही त्याच जाळात जळून जातो. दाट धूर उठला तर लाकूड ओलं आहे किंवा थर जाड झाला असं समजा. त्या धुरात मिथेन असतो, मग सगळी मेहनत उलटी पडते.

शेवटी निखारे विझवायला पाणी बरंच लागतं. मार्चनंतर आपल्याकडं टँकरकडं डोळे लागतात, म्हणून हे काम संक्रांतीच्या सुमारास, विहिरीला पाणी असताना उरका.

आता माझी चूक ऐका. पहिल्या वर्षी मी कोळसा कुटून तसाच रब्बी ज्वारीच्या दोन ओळींत घातला. महिन्याभरात नेमक्या त्याच दोन ओळी पिवळ्या पडल्या. ताजा कोळसा मातीतलं नत्र स्वतःकडं ओढून धरतो. फार जिवाला लागलं होतं ते. तेव्हापासून चुरा गोठ्यात पसरते. गुरांचं मूत त्यात जिरतं, शेणाबरोबर तो उकिरड्यात मुरतो आणि मृगाआधी रानात जातो.

रानही निवडून घ्या. काळी भारी जमीन मुळातच पाणी धरते, शिवाय ती अल्कधर्मी. कोळशाबरोबरची राखही तशीच. चुनखडीच्या रानात तर घालूच नका. ॲमेझॉनच्या जंगलात जुन्या लोकांच्या कोळशानं सुपीक झालेल्या काळ्या मातीची उदाहरणं देतात, पण तिथली मूळ जमीन आम्लधर्मी आहे. तुमच्याकडच्या उताराच्या मुरमाड, बरड रानाला मात्र याची खरी गरज आहे.

क्रेडिटचं म्हणाल, तर शंभर किलो वाळल्या लाकडातून वीस-पंचवीस किलो कोळसा निघतो. लाकडातला साधारण तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के कार्बन त्यात उरतो आणि शेकडो वर्षं मातीत टिकतो, हे खरंच आहे. पण क्रेडिटसाठी प्रत्येक खेपेचं वजन, नोंदी, प्रयोगशाळेची तपासणी लागते. एका खड्ड्याला तो खर्च झेपत नाही. गावानं गट करून केलं तर विचार करा. आधी नोंदणीचे पैसे मागणाऱ्याला मात्र एक रुपयाही देऊ नका.

यंदा एकाच गुंठ्यात घाला, शेजारचा गुंठा तसाच ठेवा आणि दोन्हींचा माल वेगळा तोला. आकडे मला जरूर कळवा.