ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी मदत) घेत असताना घरात लॉजर (आपल्याच घरातली खोली भाड्याने घेऊन राहणारा) ठेवला तर पैसे कापतात का?

नाही कापत. लॉजरचं भाडं युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये उत्पन्न म्हणून धरतच नाहीत. कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) घरात एक बेडरूम जादा म्हणून भाड्याच्या मदतीतून भाड्याचे १४ टक्के आधीच कापले जात असतील, तर ते मात्र लॉजर आल्यावरही कापले जातील, कारण ती खोली त्यांच्या लेखी रिकामीच राहते. तरी ठेवाच.

आमच्याकडे यावरून नाती तुटायची वेळ आली होती. हे गेल्यानंतर लेकीला घेऊन मी याच मदतीवर होते. वरची खोली द्यायची म्हटल्यावर वन्सं म्हणाल्या, "दादाच्या घरात परकं माणूस? आणि ठेवलंसच तर कुणाला कळवू नकोस, सगळं बंद होईल." मी कौन्सिलला लेखी कळवलं, युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये नोंद केली आणि विद्यापीठात शिकणारी मुलगी ठेवली. मुद्दाम विद्यार्थिनीच. घरात दुसरं प्रौढ माणूस आलं की कौन्सिल टॅक्समधली (आपल्या घरपट्टीसारखा कर) एकट्या प्रौढाला मिळणारी २५ टक्के सूट जाते, पण पूर्णवेळ विद्यार्थी त्यात मोजत नाहीत. तिच्या विद्यापीठाचं पत्र पाठवलं, सूट टिकली. त्या हिवाळ्यात हीटिंग लावताना मला मीटरकडे बघावं लागलं नाही. लेक तिच्याजवळ बसून गणितं सोडवायला लागली. वन्संनी मात्र आमच्याकडे येणं सोडलं.

इन्कम टॅक्सची भीती नको, 'रेंट अ रूम' योजनेत वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंत भाडं करमुक्त आहे. इंग्लंडमध्ये असाल तर खोली देण्याआधी लॉजरचा पासपोर्ट-व्हिसा तपासणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

हो, भाडं साठवत गेलात तर ६,००० पौंडांवरची बचत मोजतात आणि १६,०००च्या वर गेली की मदतच थांबते. सख्ख्या भावाबहिणीकडून पैसे घेतलेत तरी ते लॉजर ठरत नाहीत. युनिव्हर्सल क्रेडिटऐवजी जुना हाउसिंग बेनिफिट (घरभाड्यासाठीची मदत) चालू असेल तर भाड्यातले आठवड्याचे २० पौंड सोडून बाकीचं उत्पन्नात धरतात, जेवण देत असाल तर थोडं कमी. कमी उत्पन्नामुळे कौन्सिल टॅक्स माफ होत असेल तर कौन्सिलला आधी विचारा, इंग्लंडमध्ये प्रत्येकीचे नियम वेगळे.

पण लपवू नका. 'कळवू नकोस' म्हणणारी माणसं वसुलीचं पत्र आलं की फोन उचलत नाहीत. दादाच्या घराची अब्रू मी त्या भाड्यावरच राखली, आणि हे मी वन्संना तोंडावर सांगितलंय.