हायड्रॉलिक होज काढताना कपलिंगमधून तेल सांडतं, उपाय काय?

रबाळे एमआयडीसीतल्या तुमच्या प्रेसवर होज काढली की तेल सांडतं, म्हणजे कपलिंग (होज जोडायचा-सोडवायचा जोड) बहुधा पॉपेट प्रकारचं, म्हणजे आत स्प्रिंगवरचे शंकूसारखे व्हॉल्व्ह असलेलं आहे. त्यात दोन व्हॉल्व्हमधल्या पोकळीत तेल अडकतं. सोडवताना ते बाहेर पडणारच.

त्याऐवजी फ्लॅट-फेस (सपाट तोंडाचं) कपलिंग घ्या, आयएसओ 16028 या मानकाचं. दोन्ही तोंडं सपाट बसतात, सुटताना फक्त ओलसर थर राहतो. जोडण्याआधी तोंडं फडक्याने पुसाच, धातूचा बारीक कीस अडकला तरी सील कापलं जातं. जुन्या पॉपेटच्या अर्ध्या भागाशी हे जुळत नाही, जोडी एकदमच बदला. खनिज तेलाला नायट्राइल रबराचं सील पुरतं, तापमान जास्त असेल तर व्हायटॉन (जास्त उष्णता सोसणारं रबर).

आणि कृपया, रॅम (प्रेसचा वरखाली होणारा भाग) खाली टेकवून, पंप बंद करून, प्रेशर शून्यावर आल्याशिवाय कपलिंगला हात लावू नका. दाबाखालचं तेल कातडीत घुसलं तर जखम टाचणीएवढी दिसते, पण लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.