शहरी बेघरांसाठीची निवारा केंद्रं महापालिका आणि सामाजिक संस्थांनी मिळून कशी सुधारावीत?

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, प्रकल्पासाठी विचारताय, त्यामुळे योजना काय, निविदा कशी निघते हे तुम्हाला ठाऊक असणार. मी एका संस्थेकडून महापालिकेचं पुरुषांचं निवारा केंद्र काही वर्षं सांभाळलंय. माझं स्पष्ट मत आहे, ‘मिळून’ हा शब्द फक्त उद्घाटनाच्या फ्लेक्सवर असतो. बाकी वेळ एक मालक आणि एक ठेकेदार.

आमच्याकडे कुणी बडे पाहुणे येणार असले की आदल्या रात्री पालिकेची गाडी उड्डाणपुलाखालची माणसं उचलून आणायची. एकदा भर पावसात एक जोडपं आणलं, सोबत वयात आलेला मुलगा. आमचं केंद्र पुरुषांचं, म्हणून बाईला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या महिला केंद्रात नेलं. ती देवळासमोर गजरे विकायची. टोपली, स्टोव्ह, गोधड्या सगळं पुलाखालीच राहिलं. नवरा हमाल. पहाटे मार्केटला ट्रक लागतात तेव्हा तिथे हजर नसलं तर त्या दिवसाची मजुरी गेली, आणि आमच्या केंद्रापासून मार्केटला त्या वेळी बस नाही. मध्यरात्री तो मुलाला घेऊन भिजत चालत परत गेला. मी अडवलं नाही, आजही अडवणार नाही.

पुढच्या आढावा बैठकीत पालिकेचे साहेब म्हणाले, ‘यांना रस्त्यावरच राहायचंय.’ खाटा रिकाम्या का, असा शेरा वर आमच्यावरच. मी म्हटलं, कुटुंबासाठी एक केंद्र द्या, तेही मार्केटजवळ. मार्केटमागे पालिकेची बंद पडलेली शाळा होती, तीही सुचवली. उत्तर आलं, ‘तुम्ही ठेका घेतलाय, तो चालवा.’ आमचे विश्वस्त टेबलाखालून माझा हात दाबत होते, कारण दोन हप्त्यांची बिलं अडकली होती.

मी काही जगावेगळं मागत नव्हतो. 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कुटुंबांसाठी वेगळे निवारे आहेत, माणशी 50 चौरस फूट जागा आहे, निवारा शक्यतो बेघरांच्या वस्तीच्या आणि कामाच्या जवळ असावा असंही आहे. मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारं एक केंद्र, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 सालीच बजावलं होतं. 2011 च्या जनगणनेत एकट्या मुंबईत 57 हजारांवर बेघर मोजले गेले, आता तुम्हीच हिशोब करा. 2016 मध्ये न्यायालयाला न्या. कैलाश गंभीर यांची समिती नेमून केंद्रांची पाहणी करायला लावावी लागली, यातच सगळं आलं.

मग करायचं काय? बिल खाटांच्या हजेरीवर तोलू नका. किती जणांना रेशन कार्ड, बँक खातं, भाड्याची खोली मिळाली ते बघा. पैसे वेळेवर द्या, कारण काळजीवाहकाचा पगार थकला की रात्री दार उघडायला कुणी नसतं. जागा ठरवताना संस्थेला आणि तिथे झोपणाऱ्यांनाही विचारा. आधार कार्ड नसलेल्या माणसाला आधी आत घ्या, कागद नंतर.

हे पुरुषांच्या केंद्रावरून सांगतोय. मनोरुग्ण आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचं गणित वेगळं आहे, तिथे आरोग्य विभाग नसेल तर संस्था एकटी काही करू शकत नाही. संस्थाही धुतल्या तांदळाच्या नाहीत; हजेरीपटावरचे खोटे अंगठे मी पाहिलेत. आणि पालिकेच्याच एका लिपिकाने आमच्या कितीतरी जणांची रेशन कार्डं स्वतः खेटे घालून काढून दिली, तेही सांगायला हवं.

उद्या तुम्ही एखाद्या संस्थेत लागलात, तर बैठकीत मान डोलावून येऊ नका. आक्षेप इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत मागा. विश्वस्त म्हणतील, त्याने बिल अडकेल. आमचं गप्प बसूनही अडकलंच होतं.