घट्ट झाकणाच्या डब्यातल्या चवळीत भुंगेरे येतात कुठून? आणि कीड न लागणारं वाण का काढत नाहीत?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: झाकण घट्ट असूनही चवळीत भुंगेरे कुठून आले, आणि कीड लागणारच नाही असं वाण शास्त्रज्ञ का काढत नाहीत. मी कडधान्यांच्या बियाण्यावर काम करतो. दोन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भुंगेरे बाहेरून आलेले नाहीत, दाण्याबरोबरच आलेत. शेतात शेंगा वाळायला लागल्या की मादी त्यांवर अंडी घालते आणि मळणीनंतर कीड दाण्याच्या पोटात बसून साठवणीत पोहोचते. पुढे तिथेच पिढ्यांवर पिढ्या होतात. चवळीचा भुंगेरा, म्हणजे कॅलोसोब्रुकस मॅक्युलॅटस, पूर्ण वाढल्यावर काही खाल्ल्यापिल्याशिवायही एक-दोन आठवडे जगतो आणि मादी शंभरेक अंडी घालू शकते. त्यासाठी लागणारी सगळी शिदोरी अळीने एकाच दाण्यातून गोळा केलेली असते.

भिंग घेऊन किडका दाणा नीट पाहा. सालीवर चिकटलेलं, मिलिमीटरपेक्षाही लहान, लंबगोल अंडं दिसेल. ताजं अंडं पारदर्शक असतं. अळी उघड्यावर येतच नाही, अंड्याच्या तळातूनच साल पोखरून थेट आत शिरते आणि पोखरताना निघालेला भुसा मागे रिकाम्या टरफलात भरत जातो. म्हणून अंडं पांढरं झालं की समजायचं, अळी आत गेली. कोषात जाण्याआधी ती पोखरत सालीपर्यंत येते आणि फक्त पातळ पापुद्रा शिल्लक ठेवते. बाहेरून ती जागा गोल, काळपट खिडकीसारखी दिसते. ती चकती ढकलून भुंगेरा बाहेर पडतो. ३० अंश सेल्सिअसला हे सगळं तीन-चार आठवड्यांत उरकतं.

आता वाणाबद्दल. ही मादी काचेच्या गुळगुळीत मण्यांवरसुद्धा अंडी घालते, त्यामुळे दाण्यावरची अंडी मोजून वाण चांगलं की वाईट हे ठरत नाही. भुंगेरे किती बाहेर पडले आणि किती दिवसांनी, ते मोजावं लागतं. सालीच्या खडबडीतपणाने अंडी थोडी कमी पडतात, पण खरा प्रतिकार असतो तो आतल्या गरात.

असे दाणे सापडलेले आहेत. नायजेरियातल्या इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने चवळीचे हजारो नमुने तपासले, त्यात टीव्हीयू २०२७ नावाचा एक निघाला. त्यात अळ्या बऱ्याच मरतात, उरलेल्या रखडत वाढतात. आधी याचं श्रेय दाण्यातल्या ट्रिप्सिन-रोधकाला, म्हणजे प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन हे विकर (एन्झाइम) अडवणाऱ्या पदार्थाला, दिलं गेलं. पण या अळीच्या आतड्यात प्रथिनं पचवण्याचं काम मुख्यतः वेगळ्याच जातीची विकरं करतात, त्यामुळे ते स्पष्टीकरण टिकलं नाही. पुढे बोट व्हिसिलिन या साठवण-प्रथिनाच्या वेगळ्या रूपाकडे वळलं. ते अळीच्या आतड्यातल्या कायटिनला (किडींचं कवच ज्याचं बनतं त्या द्रव्याला) चिकटतं. हा प्रतिकारही अभेद्य नाही: प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या याच चवळीवर वाढवलेल्या भुंगेऱ्यांनी तो मोडून दाखवला.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती राजम्याची गोष्ट. राजम्याच्या दाण्यात अळीचं स्टार्च-पचन थांबवणारं एक प्रथिन असतं, अल्फा-अमायलेज रोधक. १९९० च्या दशकात त्याचं जनुक वाटाण्यात घातलं, तेव्हा त्या वाटाण्यात चवळीच्या भुंगेऱ्याच्या अळ्या वाढू शकल्या नाहीत, वाटाण्याच्या भुंगेऱ्याच्याही नाहीत. पण मुळात राजम्यावरच जगणारे जे दोन भुंगेरे आहेत, अकॅन्थोसेलिडीस आणि झॅब्रोटिस, त्यांना त्याचा काही त्रास होत नाही. त्यांची पचनविकरं या रोधकाला दाद देत नाहीत. त्यातल्या झॅब्रोटिसला आवरणारं अर्सेलिन नावाचं प्रथिन अखेर मेक्सिकोतल्या रानटी राजम्यात सापडलं. माझ्या मते पैदासकाराने लक्षात ठेवायची गोष्ट हीच: किडीशी जुनी ओळख झालेल्या पिकात तिच्यावरचं औषध क्वचितच उरतं, ते रानटी भाऊबंदांत नाहीतर परक्या पिकात शोधावं लागतं. मुगाच्या बाबतीतही तसंच झालं, मादागास्करच्या रानटी मुगातून प्रतिकार मिळाला.

मग असं बियाणं सर्रास का मिळत नाही? एक तर रानटी वाणाबरोबर बारीक दाणा, तडकणाऱ्या शेंगा असे नको ते गुणही येतात आणि ते काढून टाकायला अनेक पिढ्यांचे संकर लागतात. दुसरं म्हणजे अळीला न पचणारा दाणा शेवटी आपल्याच पोटात जायचा असतो. ऑस्ट्रेलियात त्या वाटाण्यावरचं काम २००५ मध्ये थांबवलं, कारण तो खाणाऱ्या उंदरांमध्ये प्रतिकारयंत्रणेची प्रतिक्रिया दिसली. नंतरच्या अभ्यासात जनुक न बदललेल्या कडधान्यांनीही तशीच प्रतिक्रिया दिली, त्यामुळे वाद झाला. तरीही त्या वेळी थांबणं मला योग्यच वाटतं.

तोवर तुमच्या हातात असलेला उपाय म्हणजे हवा तोडणं. तुमच्या डब्याचं झाकण घट्ट असेल, पण हवाबंद नसणार. खरोखर हवाबंद भांड्यात किडीच ऑक्सिजन संपवतात. ऑक्सिजन घटला की अळी खाणं थांबवते, आणि तिला पाणी मिळतं ते अन्नाच्या ज्वलनातूनच, त्यामुळे ती अक्षरशः सुकून मरते. दाणे आधी खडखडीत वाळवा, भांडं काठोकाठ भरा आणि निदान दोन महिने उघडू नका. अर्धं रिकामं राहिलं तर आतली हवाच किडीला बराच काळ पुरते. साठा थोडा असेल तर उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दाण्यांवर पाणी धरेल.